धरणाचे दरवाजे: कुठला कसा उघडतो? मालेपासून नदीकाठच्या गावांनी हे वाचाच

माले : ताम्हिणीत पाऊस कोसळतो आणि इकडे खाली ऊन असतं. तरी मुळा चढते. मुळशी धरणाचं पाणी एरवी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातं. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून मुळेत येतं. म्हणून विसर्गाचा मेसेज आला की आधी आकडा बघायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. 10 हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे 28 टँकर! मोटारी आणि जनावरं वर घ्यायला अर्धा तासही पुरत नाही कधी कधी.

मोठ्या धरणांवर बहुधा वक्र दरवाजे असतात. कोयनेला असे सहा आहेत. पाण्याचा दाब कमानीतून मागच्या आसावर जातो, त्यामुळे उचलताना मुख्यतः दरवाजाचं वजन आणि घर्षण एवढाच भार येतो. सरळ वर सरकणाऱ्या दरवाजाला मात्र दाबामुळे खाचेत जास्त घर्षण होतं, म्हणून त्याला चाकं लावतात. दोन्ही खालून उघडतात. 'दरवाजे दोन फुटांनी उचलले' याचा अर्थ तळाशी तेवढी फट पडली.

स्वयंचलित दरवाजाची गोष्ट आपल्या पुणे जिल्ह्यातलीच. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली खडकवासल्याला ते बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की समतोल बिघडतो आणि दार आपोआप उघडतं, ना माणूस लागतो ना वीज. राधानगरीला असे सात दरवाजे आहेत. पावसाळ्यात 'राधानगरीचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला' ही बातमी येते ती यांचीच.

आता आपल्या हातातलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला यंत्र नसतं, खाचांत बर्गे बसवतात. पावसाळा सरला की घालायचे, मृग लागायच्या आत काढायचे. काढायचे राहिले तर पुरात ओंडके, झाडोरा अडकतो, पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठाची जमीन खरडून नेतं. नुकसान कुणाचं, तर ज्याचं वावर बंधाऱ्याला लागून आहे त्याचं. बर्गे चोरीला जातात ही दुसरी डोकेदुखी. मग हिवाळ्यात पाणी अडतच नाही. त्यामुळे काढलेले बर्गे मोजून, कुलपात ठेवलेले बरे. मे महिन्याच्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्या: बर्गे कोण काढणार, कधी काढणार आणि ठेवणार कुठे.