बॅटल ऑफ योंकर्स: अमेरिकेचं सैन्य झॉम्बींपुढे का हरलं?

शत्रूकडे बंदूक नाही, रणगाडा नाही, विमान नाही. तरीही अत्याधुनिक शस्त्रं असलेलं अमेरिकेचं सैन्य त्याच्यासमोरून पळत सुटतं. मॅक्स ब्रूक्स यांच्या २००६ मधल्या 'वर्ल्ड वॉर झी' या कादंबरीतली ही काल्पनिक लढाई आजही चर्चेत असते. ब्रॅड पिटच्या २०१३ च्या सिनेमात मात्र ती नाही.

नेमकं काय घडतं?

योंकर्स हे न्यूयॉर्कच्या उत्तरेला लागून असलेलं खरंखुरं शहर. कादंबरीत न्यूयॉर्कमधून झॉम्बींचे लोंढे बाहेर पडतात. त्यांना इथे अडवायचं, कॅमेऱ्यांसमोर जिंकून दाखवायचं आणि घाबरलेल्या जनतेला धीर द्यायचा, असा बेत असतो. टॉड वाइनियो हा सैनिक ही हकिकत सांगतो.

चूक कुठे झाली?

१. समोरून एकही गोळी येणार नसते. तरी सैनिक खड्डे खोदून, जड केमिकल सूट घालून बसतात.

२. रॉकेट आणि तोफांच्या स्फोटानं माणूस मरतो. झॉम्बी मात्र मेंदू नष्ट झाल्याशिवाय थांबत नाही. हातपाय तुटलेले झॉम्बीही सरपटत पुढे येतात. त्यात दारूगोळा कमी पडतो.

३. सगळे सैनिक एकाच नेटवर्कवर जोडलेले असतात. एका ठिकाणचा भीषण हल्ला सगळ्यांना दिसतो आणि घबराट पसरते.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेनं 'शॉक अँड ऑ' हे तंत्र वापरलं होतं. प्रचंड मारा करून शत्रूचं मनोधैर्य खचवायचं, असं हे तंत्र. पण ज्याला भीतीच वाटत नाही, त्याला घाबरवणार कसं?

मग सैन्य जिंकतं कसं?

पुढे न्यू मेक्सिकोतल्या 'होप' इथे सैन्य पद्धत बदलते. मोकळं मैदान, साध्या रायफली, डोक्यावर नेम धरून शांतपणे एकेक गोळी, आणि थकलेल्यांना आळीपाळीने विश्रांती. सैनिक चौकोन करून उभे राहतात. कादंबरीत या रचनेला राज-सिंग या भारतीय जनरलचं नाव आहे.

ब्रूक्स यांना पुढे अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या मॉडर्न वॉर इन्स्टिट्यूटनं फेलो म्हणून घेतलं. झॉम्बी काल्पनिक असले, तरी मागच्या युद्धाची शस्त्रं घेऊन नव्या शत्रूसमोर उभं राहण्याची चूक खरी सैन्यंही करत आली आहेत.