प्रतिरूप मानव आणि धर्मपंडितांची साक्ष

एडिंबरोनजीकच्या रॉस्लिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली नावाची मेंढी जन्मास आली, आणि ती वार्ता पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत जगास कळली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतील पेशी घेऊन तिचे केंद्रक दुसऱ्या मेंढीच्या, मूळचे केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात घातले होते. असे २७७ वेळा केले तेव्हा एक कोकरू जगले. नराचा संबंध कोठेही आला नाही. मेंढीचे जे झाले ते माणसाचे होण्यास किती अवकाश, हा प्रश्न मग सर्वत्र विचारला जाऊ लागला.

अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी लगोलग, २४ फेब्रुवारी १९९७ रोजी, राष्ट्रीय जैवनीती सल्लागार आयोगास नव्वद दिवसांत अहवाल देण्यास सांगितले. नव्वद दिवस म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. पुष्कळांच्या मेजावर अशी एखादी फाईल आजही पडलेली असेल. परंतु या आयोगाने, सरकारी चौकशीत क्वचितच आढळणारी एक गोष्ट केली. मार्चमध्ये त्याने धर्मपंडितांस बोलावून त्यांच्या साक्षी घेतल्या.

ल्यूथरन पंथाचे गिल्बर्ट मायलेंडर यांनी 'जन्म देणे' आणि 'बनविणे' यांत भेद केला. आपण जे बनवितो ते आपल्या इच्छेच्या अधीन असते. ज्यास जन्म देतो तो आपल्या बरोबरीचा असतो. रोमन कॅथलिक धर्मपीठाने तर १९८७ सालच्या आपल्या पत्रकातच हा मार्ग निषिद्ध ठरविला होता. ज्यू पंडितांत मात्र एकवाक्यता नव्हती. रब्बी मोशे टेंडलर हे जीवशास्त्राचेही प्राध्यापक. ज्याचे सारे कुटुंब नाझींच्या संहारात गेले आणि ज्यास स्वतःस मूल होणे शक्य नाही, अशा वंशातील शेवटच्या तरुणापुरता हा मार्ग आपण मोकळा ठेवू, असे त्यांचे म्हणणे होते. इस्लामी विचारात प्रश्न आला तो नसबाचा, म्हणजे बापाकडून चालणाऱ्या वंशाचा. जेद्दा येथील फिक्ह अकादमीने त्याच वर्षी मानवी क्लोनिंग निषिद्ध ठरविले. मूल जन्मास आलेच तर ते पूर्ण माणूसच, यावर मात्र साक्षीदारांत वाद नव्हता.

जूनमध्ये अहवाल आला. त्याने बंदीची शिफारस केली खरी, पण तिचा मुख्य आधार सुरक्षिततेचा होता, आणि बंदीही तीन ते पाच वर्षांनी पुन्हा तपासावयाची होती. आम्हांस हा आधार अपुरा वाटतो. तंत्र सुधारले की तो कोसळतो. २०१८ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी त्याच रीतीने दोन माकडे जन्मास घातल्याचे जाहीर केले.

आयोगापुढे आलेले धर्मपंडित ख्रिस्ती, ज्यू व इस्लामी परंपरांचे होते. आमच्या परंपरेस विचारले असते तर तिने काय सांगितले असते? कौरवांची कथा पुढे करण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्येही एका कुलगुरूंनी ती केली. गांधारीच्या मांसगोळ्याचे तुकडे तुपाच्या कुंभांत वाढविले, म्हणजे ती प्रयोगशाळाच, असा हा युक्तिवाद. त्यात आम्हांस रस नाही. महाभारतकाराने पुढे काय लिहिले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. त्याच गोळ्यातून दुर्योधन झाला आणि त्याच गोळ्यातून विकर्णही झाला. भर सभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणारा धृतराष्ट्रपुत्र तो. पिंड एक असला तरी कर्माचा हिशेब ज्याचा त्याचा राहतो. गीतेने क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ वेगळे मानले ते याच अर्थाने. तेव्हा प्रतिरूपात मूळ माणूस परत येतो, ही समजूत आमच्या शास्त्रात टिकणारी नाही.

टेंडलर यांच्या त्या शेवटच्या तरुणास आमच्याकडे उत्तर होते ते दत्तकाचे. 'दत्तकमीमांसे'त नंदपंडिताने दत्तक हा पुत्राची छाया धारण करणारा असावा असे म्हटले. रक्त नसले तरी छाया चालते. डलहौसीने १८४८ साली दत्तकाचा हक्क नाकारून साताऱ्याचे राज्य खालसा केले, ही गोष्ट मराठी माणूस विसरलेला नाही. प्रतिरूपाची गोष्ट नेमकी उलटी. तेथे रक्त पुरेपूर आहे, अडचण नात्याची. जनुकांनी पाहू जाता ते मूल बापाचा जुळा भाऊ आणि आजा-आजीचे अपत्य. श्राद्धाच्या पानावर बसून त्याने 'पिता' म्हणून कोणाचे नाव घ्यावयाचे? आणि एखाद्या स्त्रीने स्वतःचेच प्रतिरूप जन्मास घातले, तर त्या मुलीचे गोत्र कोणते? या प्रश्नांवर कोणा धर्मसभेने निर्णय दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

सरकारी कागदांत मात्र भारताची भूमिका नोंदलेली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ८ मार्च २००५ रोजी मानवी क्लोनिंगविरोधी घोषणापत्र ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाले. ३७ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने विरोधी मत दिले. उपचारासाठी चालणाऱ्या संशोधनासही ते घोषणापत्र अडवील, अशी आपली हरकत होती. प्रतिरूप मूल जन्मास घालण्यास मात्र आपल्याही देशात मज्जाव आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मूलपेशी-संशोधनाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत तो स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.