गुराख्याची शाळा

रानातली औषधी झाडे ओळखायला शिकायचे ठरवले की नवशिका आज आधी पुस्तक उघडतो, नाहीतर मोबाइलवर छायाचित्रे शोधतो. आपल्या जुन्या वैद्यकाने मात्र पहिल्या धड्यासाठी त्याला दुसऱ्याच दारी पाठवले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि रानात राहणारे लोक. सुश्रुतसंहिताही गुराखी, तापस, व्याध यांना विचारून औषधी जाणून घ्यायला सांगते. या कबुलीपुढे चरक लगेच जोडतो की नुसत्या नावरूपाने औषध कळत नाही. कोणाला, केव्हा, किती द्यायचे हे जाणणारा तो वैद्य. यावरून कोणी म्हणेल की गुराख्याचे ज्ञान दुय्यमच ठरवले आहे. तसा अर्थ निघत नाही. वैद्याचे काम जिथून सुरू होते ती पायरी गुराख्याच्या हातात आहे, एवढे त्यातून नक्की होते. झाडच चुकले तर मात्रेचा सगळा विचार व्यर्थ जातो. म्हणून माझे म्हणणे असे की ओळखीची ही विद्या रानात घडली, ग्रंथांनी ती उसनी घेतली, आणि तिला ओहोटी लागली ती गुराख्याचा रानाशी संबंध तुटल्यामुळे.

ही विद्या रानातच का घडावी, याचे उत्तर गोळा करण्याच्या हंगामात आहे. चरकाच्या कल्पस्थानात नियम आहे: कोवळ्या फांद्या नि पाने वर्षा-वसंतात घ्यावीत, साल, कंद आणि चीक शरदात, मुळे ग्रीष्मात किंवा पाने झडल्यावर शिशिरात. म्हणजे मूळ खणायची वेळ येते तेव्हा ओळखीची खूण देणारे फूल कधीच गळून गेलेले असते. कळलावीचेच पाहा. मृगाच्या पावसानंतर तिचा कोंब वर येतो, पानाचे टोक सुतासारखे लांबून वळते आणि शेजारच्या झुडपाला धरून ती चढते. श्रावण-भाद्रपदात उलट्या पाकळ्यांची पिवळी-तांबडी फुले येतात, तेव्हा ती कुणालाही ओळखू येते. दिवाळीनंतर वेल वाळून जाते आणि मातीत उरतो नांगरासारखा कोनात वळलेला कंद. तिचे संस्कृत नाव लांगली ते त्यावरूनच. हा कंद जहाल विषारी आहे आणि खाण्याजोगा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. त्या उघड्या जागी आषाढात काय उगवले होते हे ज्याला आठवते, त्यालाच तो कंद निश्चित ओळखता येतो. अशी आठवण रोज त्याच वाटेने गुरे नेणाऱ्यापाशी आपोआप साठते.

ग्रंथ आणि रान यांची गाठ कशी पडते, याचा उत्तम पुरावा कोचीत सापडतो. डच अधिकारी हेन्रिक व्हॅन ऱ्हीडे याने तिथे तयार करवलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे निवेदन आहे, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे 1675 सालचे, नागरी लिपीतले निवेदनही आहे. यांच्यापाशी घराण्यातले ग्रंथ आणि निघंटू होते. पण निघंटूत नावे असतात, झाडे नसतात. ती हंगामात रानातून आणवावी लागली, तेव्हाच चित्रे निघाली. मान या चौघांना मिळाला आणि तो योग्यच होता. फांद्या, फुले, फळे काढून आणणारे मात्र अनामिक राहिले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नावांचा आहे. गावोगाव नावे बदलतात, मग लोकांच्या ओळखीवर भिस्त कशी ठेवायची? आक्षेप खरा आहे. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रात बहुधा मिळते ती कोकणातली एकपानी: जमिनीवर पसरणारी, लांब देठावर एकेक गोल, दातेरी कडेचे पान धरणारी. केरळात ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागी वाढणारी, जाडसर छोट्या पानांच्या जोड्यांची, फिकट फुलांची वेगळीच वनस्पती. हा घोळ शास्त्रीय नावांनी सुटला, आणि थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची सिद्ध केली, तिचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण घोळ नावांत आहे, नजरेत नाही. दोन्हीकडचे जाणकार आपापली वनस्पती अचूक तोडतात. शास्त्रीय नाव ती ओळख दूरच्या माणसापर्यंत बिनचूक पोहोचवते. मुळात ओळख पटवायला नजरच लागते.

ही नजर तयार करणारी शाळा बंद पडली, त्याला कायद्याचाही हात लागला. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि तिथे गुरे चारणे, मुळे-पाने गोळा करणे परवानगीवर आले. 1883 साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगर आणि गायराने जंगलखात्याने घेतल्यामुळे गरिबांच्या शेळ्यांना चरायला जागा उरली नाही, अशी तक्रार आहे. आपण ती पोटापाण्याची तक्रार म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण चरकाने ज्याला जाणता म्हटले तो शेळ्या राखणाराच इथे रानाबाहेर काढला जात होता. जंगलतोड थांबवण्यासाठी निर्बंध हवेच होते, असे म्हणता येईल. तरी रान राखताना ते जाणणाऱ्यालाच परके करायची गरज नव्हती. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनवासींना परत मान्य केला. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर यांच्या वस्त्यांत ही नजर अजून शाबूत आहे. नवशिक्याने पुस्तक जरूर घ्यावे, पण ते घेऊन एकाच डोंगराला वर्षभर, जाणत्या माणसाच्या मागून जावे, आणि टिपण करताना त्या माणसाचे नावही त्याला विचारून लिहावे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीत तेवढे राहून गेले होते.