शेजाऱ्यांचा पेला

बडोद्याच्या मराठी माणसाने बिअरवर लेख लिहावा आणि तो आपल्या मंडळाच्या त्रैमासिकात छापला जावा, यात काही ज्येष्ठ वाचकांना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रारंभीच नमूद करतो की प्रस्तुत लेखक पानप्रिय नाही. गुजरात सरकारच्या चाकरीत पस्तीस वर्षे काढली. त्या काळात राज्याच्या हद्दीत थेंबही घेतला नाही आणि हद्दीबाहेर घेण्याची हौसही वाटली नाही. सेवानिवृत्तीनंतर मात्र 2017 ते 2019 या तीन वर्षांत श्रीलंका, नेपाळ आणि भूतान हे तीन शेजारी देश सपत्नीक पाहिले. प्रत्येक देशात तेथे तयार होणाऱ्या बिअरचा एक पेला घ्यावयाचा आणि तिची चव वहीत टिपून ठेवावयाची, असा एक संकल्प त्या वेळी केला होता. आमच्या सौभाग्यवतींनी त्यास म्हातारचळ असे नाव दिले. आज ती वही चाळताना ध्यानात येते की चवीविषयीच्या नोंदी जेमतेम दोन पाने भरल्या असून उरलेली पाने इतिहासाने आणि कायद्याने व्यापली आहेत. त्या पानांवरूनच हा लेख सिद्ध केला आहे.

आरंभ श्रीलंकेतील नुवारा एलिया या थंड हवेच्या गावापासून करणे योग्य होईल. चहाच्या मळ्यांनी वेढलेले, सहा हजार फुटांहून अधिक उंचीवरचे हे गाव पाहून महाबळेश्वरची आठवण होते. पुढे आफ्रिकेतील शोधप्रवासाने नावारूपास आलेल्या सॅम्युअल बेकर याने 1849 च्या सुमारास येथे मळेवाल्या गोऱ्यांसाठी बिअर करण्यास सुरुवात केली आणि 1881 पासून तेथे व्यापारी स्वरूपाचा कारखाना उभा राहिला. आजची ‘लायन’ बिअर ही त्याच परंपरेची. कारखाना आता कोलंबोजवळ बियागामा येथे गेला आहे. मूळ गावी उरल्या आहेत त्या आठवणी. ‘लायन’ हे नाव वाचताच मनात आले की याच नावाची बिअर हिमाचलातील सोलनचीही आहे. दोन देशांत एकच सिंह कसा, या कुतूहलातून पुढचा शोध सुरू झाला.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांच्या फौजेची तहान ही कंपनी सरकारची एक मोठी अडचण होती. विलायतेहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजास चार ते सहा महिने लागत आणि साधी बिअर वाटेतच आंबून जाई. हॉप्स ही वेलीची कडवट फुले अधिक प्रमाणात घालून केलेली फिकट रंगाची बिअर मात्र प्रवासात टिके. लंडनच्या बो भागातील हॉजसन याच्या कारखान्याने आणि 1820 नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप व बास या कारखान्यांनी तिचा मोठा व्यापार केला. तिलाच पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले. आपल्या देशाचे नाव धारण करणारी ही बिअर मुळात आपल्यासाठी नव्हती. ती येथील साहेबांसाठी आणि त्यांच्या सोजिरांसाठी होती.

दूरदेशीचा हा माल महाग पडू लागला तेव्हा एडवर्ड डायर याने हिमालयातील कसौली येथे, मोटारी व आगगाड्या पोहोचण्याच्या कितीतरी आधी, बिअरचा कारखाना काढला. पुढे सिमला, सोलन, मरी, रावळपिंडी व मंडाले या ठिकाणी या घराण्याच्या उद्योगाचा विस्तार झाला. याच एडवर्ड डायरचा 1864 साली मरी येथे जन्मलेला मुलगा रेजिनाल्ड हा 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी. बिअरच्या इतिहासात हे नाव असे अचानक समोर येते तेव्हा वाचणारा क्षणभर थबकतो.

1887 साली बर्टनच्या बिअरवाल्या घराण्यातील एच. जी. मीकिन हिंदुस्थानात आला आणि त्याने सिमला व कसौली येथील जुने कारखाने विकत घेतले. त्यात त्याने भर घातली त्या गावांच्या यादीत डलहौसी, राणीखेत, चक्राता, दार्जिलिंग, नुवारा एलिया आणि आपल्या पुण्याजवळची खडकी ही नावे आढळतात. लष्कराची छावणी किंवा थंड हवा, बहुधा दोन्ही, हे या सर्व ठिकाणांचे लक्षण. यांत्रिक शीतकरण सर्वत्र पोहोचण्यापूर्वी बिअर आंबवण्यास थंड तळघर आणि झऱ्याचे पाणी लागे. यीस्टला उष्मा मानवत नसे. म्हणून हे कारखाने डोंगरावर चढले, आणि बर्फाची यंत्रे आल्यावर हळूहळू मैदानात उतरले. पहिल्या महायुद्धानंतर डायर आणि मीकिन यांचे उद्योग एकत्र झाले. 1949 साली नरेंद्रनाथ मोहन यांच्या हाती सूत्रे आली आणि पुढे ‘मोहन मीकिन’ हे नाव रूढ झाले. सारांश, हिंदुस्थान, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि श्रीलंका या चार शेजाऱ्यांच्या पेल्यांत एकाच कूळवृत्तान्ताची पाने तरंगत आहेत.

पाकिस्तानात मी गेलेलो नाही, त्यामुळे मरीच्या बिअरची चव सांगू शकत नाही. परंतु तिची कथा आपल्या भागातील वाचकांस विशेष जवळची वाटेल. मरीजवळील घोडा गल्ली येथे 1860 साली स्थापन झालेला हा कारखाना पुढे रावळपिंडीस गेला. घोडा गल्लीच्या इमारती 1947 च्या दंगलीत जळाल्या. मालकी भंडारा या पारशी घराण्याकडे आली आणि ती आजही त्याच घराण्यात आहे. 1977 साली भुट्टो सरकारने मुसलमान नागरिकांस मद्यपानाची बंदी केली. बिगरमुस्लिमांना परवान्यावर मद्य मिळते. तरीही कारखाना चालूच राहिला. नवसारी आणि संजाणच्या परिसरात वाढलेल्या आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये, कारण दक्षिण गुजरातेत ताडी व दारूचे मक्ते पिढ्यान्पिढ्या बहुतांशी पारशी गृहस्थांकडेच होते.

आता तुलनेकडे वळतो. श्रीलंकेतील ‘लायन’ ची साधी लागर बिअर स्वच्छ, किंचित गोडसर. परंतु तिची काळी ‘स्टाउट’ हा निराळाच प्रकार. भाजलेल्या जवाचा रंग, कॉफीचा कडवटपणा आणि मागाहून येणारी काकवीची आठवण. मद्यांश 8.8 टक्के असल्याने अर्धा पेलाच पुरे झाला. काठमांडूत बाटलीतल्या बिअरने विशेष छाप पाडली नाही. ती मुंबईतल्या बिअरसारखीच होती. तेथील ‘तोंगबा’ ने मात्र मन जिंकले. आंबवलेला कोदो उभट लाकडी भांड्यात भरून त्यावर कढत पाणी ओततात आणि बारीक छिद्रे असलेल्या बांबूच्या नळीने ते ओढून पितात. तीन-चार वेळा पाणी घातले तरी सत्त्व उरते. भूतानमध्ये बुमथांग येथे एका स्विस गृहस्थाने सुरू केलेली ‘रेड पांडा’ ही गव्हाची, न गाळलेली, गढूळ दिसणारी बिअर मिळाली. ताकासारखी दिसणारी ही बिअर चवीला सर्वांत ताजी होती, कारण कारखाना हाकेच्या अंतरावर होता.

यावरून एक गोष्ट पटली. बिअर हा पदार्थ दुधासारखा आहे. जुना झाला, उन्हात राहिला की बिघडतो. पाणी आणि जव यांच्या इतकेच महत्त्व वाहतुकीला, साठवणुकीला आणि कराला असते. आपल्या देशात जहाल, म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली बिअरच अधिक खपते, याचे कारण जिभेत कमी आणि हिशोबात अधिक आहे. बाटलीमागे भरमसाट कर भरावा लागतो तेव्हा ग्राहक चवीपेक्षा कैफ पाहतो. गुणवत्ता ठरते ती बऱ्याच अंशी कायद्याच्या टेबलावर.

आणि कायदा प्रत्येक शेजाऱ्याचा वेगळा. आम्ही गेलो तेव्हा भूतानात मंगळवारी मद्यविक्री बंद असे. श्रीलंकेत दर पौर्णिमेच्या पोया दिवशी बंद. श्रीलंकेत विसाव्या शतकाच्या आरंभी बौद्ध समाजात मद्यनिषेधाची मोठी चळवळ झाली आणि तिच्यातील कार्यकर्त्यांपैकी डी. एस. सेनानायके पुढे त्या देशाचे पहिले पंतप्रधान झाले. मद्यनिषेध आणि स्वराज्य यांची सांगड ही केवळ आपली गोष्ट नव्हे.

आपल्या बडोदे संस्थानात तर ‘शेजारी देश’ मैलभरावर असे. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली या प्रांतांची गावे इंग्रजी आणि इतर संस्थानी मुलखात विखुरलेली. इंग्रजांनी 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडी व मोहाच्या दारूवर पकड आवळली. 1892 साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. माझे आजोबा नवसारी प्रांतात गायकवाडी आबकारी खात्यात कारकून होते. गायकवाडी हद्दीत एक भाव, इंग्रजीत दुसरा आणि दमणला फिरंग्यांचा तिसरा. त्यामुळे रात्री घागरी कोणत्या ओढ्यातून कोणीकडे जातात हे आपल्याला तोंडपाठ होते, असे ते वडिलांना सांगत. विलायतेची बिअर बडोद्यात येई ती साहेबांच्या मेजासाठी. ताडी व मोहाची दारू रयतेसाठी. खात्याची कमाई मुख्यतः दुसऱ्या पेल्यातून होती.

1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा आपल्याला लागू झाला. 1951 साली फ्रामजी बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम राहिला. 1960 नंतर महाराष्ट्राने बंधने क्रमाक्रमाने सैल केली. गुजरातने ती राखली. 19 डिसेंबर 1961 रोजी दमण मुक्त झाले, पण आमच्या दृष्टीने ते ‘परदेश’ च राहिले. शनिवारी वापीकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी त्याची साक्ष देते. गंमत अशी की 1907 साली प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि राजमित्र अमीन यांनी स्थापन केलेल्या ‘अलेंबिक’ ची सुरुवातच औषधी अर्क आणि मद्यार्कापासून झाली. मद्यार्क या शहराला परका नव्हता. परका झाला तो पेला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात ‘सुराध्यक्ष’ या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. उत्सव, समाज व यात्रा यांच्यासाठी चार दिवस मद्य करण्याची सवलत त्यात आहे. आणखी एक तरतूद वाचून मी अस्वस्थ झालो: बिघडलेली सुरा दास व कामकऱ्यांना वेतन म्हणून द्यावी, अथवा ओढीच्या जनावरांना व डुकरांना घालावी. उत्तम ते वरच्यांस, नासके ते कष्टकऱ्यांस, ही वाटणी इतकी जुनी आहे.

1989 साली याच शहरात लठ्ठाकांड झाले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा एका कचेरीत कनिष्ठ पदावर होतो. आमच्या शिपायाचा धाकटा भाऊ त्यात गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा रजेचा अर्ज माझ्यापुढे आला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिले होते. मी काही न विचारता सही केली. विचारले असते तर त्याला लिहून द्यावे लागले असते की भाऊ कायदा मोडताना मेला. ती सही मला अजून आठवते. पुढे 2009 साली अहमदाबादेत शंभराहून अधिक, 2022 साली बोटाद भागात चाळिसाहून अधिक माणसे मिथाईल अल्कोहोलने दगावली. 2009 च्या घटनेनंतर कायद्यात देहदंडापर्यंत शिक्षेची तरतूद झाली. दुसरीकडे, प्रकृतीच्या कारणास्तव परमिट मिळतेच, आणि डिसेंबर 2023 मध्ये गिफ्ट सिटीत मद्यास मुभाही मिळाली.

दारूबंदी उठवावी असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. या कायद्याने किती घरांत संध्याकाळी शांतता नांदली, किती स्त्रियांच्या हाती पगार शाबूत पोहोचला, हे मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहे. परंतु शेजाऱ्यांचे पेले चाखल्यावर एवढे समजले की इतर देशांत तुलना होते ती चांगल्या आणि बऱ्या बिअरची. आपल्याकडे ती होते परमिटवाल्याची बाटली आणि वस्तीतल्या मजुराची पोटली यांची. सरकारी नोकराने आयुष्यभर कायद्याची एकच बाजू वाचावी आणि निवृत्त झाल्यावर दुसरी, हा माझाही दोष आहे.

असो. संस्थानी काळातील आबकारी खात्याचे कागद, मक्त्याची पत्रे, ताडीच्या झाडांच्या नोंदी आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर पेट्यांत पडून असतील. वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी ते मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्यावेत, अशी विनंती आहे. आजोबांची एक वही मी गेल्या महिन्यात दिली. तिच्यात बिअरचा उल्लेख एकदाही नाही; ताडीच्या घागरींचा हिशोब मात्र पैपर्यंत जुळतो.