मोटेपासून थ्री फेजपर्यंत

आमच्या टेंभुर्णीत, जाफराबाद तालुक्यात, विहिरीचं पाणी पूर्वी मोटेने निघे. बैल धावेवरून उतरत, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. बैल मागे सरले की ती पुन्हा तळाला जाई. पाटात पाणी यायचं ते थांबून थांबून. दोन मोटा जुंपल्या आणि एक रिकामी होताना दुसरी भरत असली, तर मात्र पाट वाहता राही. मी गणिताचा मास्तर. साइनच्या आलेखातलं कलांतर मी या दोन मोटांपासून शिकवतो: उंची तीच, लय तीच, फक्त सुरुवात मागेपुढे.

युरोप-अमेरिकेत हेच तत्त्व विजेला लागू झालं. फेरारिस आणि टेस्ला या संशोधकांनी 1888 मध्ये, आपापल्या वाटेने, कलांतर असलेल्या प्रवाहांतून फिरतं चुंबकीय क्षेत्र मिळतं हे मांडलं. पाठोपाठ अभियंता डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने अशा तीन प्रवाहांवर चालणारी थ्री फेज मोटर घडवली आणि 1891 मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत 175 किलोमीटर थ्री फेज वीज नेण्यात आली. आपल्याकडे 1915 मध्ये टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आमचा मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तिथेच राहिला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी राज्य वीज मंडळ झालं. पुढच्या दशकांत मंडळाच्या तारा शिवारात आल्या. मोट गेली, ऑइल इंजिनं मागे पडली, विहिरीवर स्टार्टरची पेटी आली.

त्या पेटीत येणाऱ्या तिन्ही तारांवर एकाच आकाराची लाट असते, सेकंदाला 50 आवर्तनांची. एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. दुसरी लाट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे 120 अंशांनी, उशिरा निघते. तिचं सूत्र साइन (क्ष − 120°). तिसरी आणखी तेवढीच उशिरा, म्हणजे साइन (क्ष − 240°), आणि तेच साइन (क्ष + 120°). वजाबाकी असून आलेख उजवीकडे का सरकतो, हे मुलं दरवर्षी विचारतात. पहिली लाट शून्य अंशाला जिथे होती, तिथे दुसरी 120 अंशांना पोचते. म्हणून तिची उंची काढायची तर आधी 120 वजा करावे लागतात.

पहिली शून्यावर असताना दुसरी उणे 0.866 आणि तिसरी अधिक 0.866 असते. बेरीज शून्य, आणि ती प्रत्येक क्षणी शून्यच राहते. भार समान असेल तर एकूण शक्तीही क्षणोक्षणी सारखी मिळते, म्हणून मोटर धक्के न खाता फिरते. एका फेजचा फ्यूज उडाला की क्षेत्र फिरायचं थांबून नुसतं मागेपुढे होतं. बंद मोटर घुमत राहते, सुरू होत नाही, आणि तशीच ठेवली तर जळते. दोन तारांची अदलाबदल झाली की लाटांचा क्रम उलटतो आणि मोटर उलटी फिरते.

वायरमन दोन तारा बदलून ती सुलटी करतो, तेव्हा तो उणे 120 आणि अधिक 120 यांचीच अदलाबदल करत असतो. शेतकऱ्याच्या मुलाला हा धडा पाठ करायला लावणं मला अन्याय वाटतो. तो त्याला विहिरीवर, मोटरशेजारी शिकवायला हवा.