सर्पगंधा ते सेरोटोनिन: एमएसच्या उपचारात मन कसं आलं

आजचा एपिसोड एका रसायनाच्या इतिहासावर आहे. नाव सेरोटोनिन. रील्सवाले त्याला 'हॅपी हार्मोन' म्हणून मिरवतात. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस या आजाराशी त्याचा संबंध कसा जुळला आणि त्या वाटेत मुंबईचा एक डॉक्टर कसा भेटतो, हे फारसं कुणी सांगत नाही. गोष्ट पॅरिसला सुरू होते, मुंबई-अमेरिका फिरते आणि शेवटी आपल्या बीडला येते.

आधी आजार समजून घेऊ. शरीरातल्या नसा म्हणजे वायरी समजा. त्यांच्यावर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतलं हे आवरण कुरतडते. मग सिग्नल मध्येच अडखळतो. कुणाला एका डोळ्यानं धूसर दिसतं, कुणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो. बहुतेकांना हा आजार विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

१८६८मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलमधल्या झां-मार्तां शार्को यांनी पेशंटची लक्षणं आणि मृत्यूनंतर मेंदूत दिसणारे कडक डाग यांची सांगड घातली आणि हा वेगळा आजार आहे हे दाखवून दिलं. पण कारणं शोधताना त्यांनी दीर्घकाळचं दुःखही यादीत धरलं. म्हणजे मनाचा विषय सुरुवातीलाच आला, पण उलट्या बाजूनं: दुःख केलं म्हणून आजार झाला. हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडं अजूनही म्हणतात, "लई मनाला लावून घेतलं, म्हणून असं झालं."

आता मुंबई. १९४९मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक पेपर छापला. विषय होता सर्पगंधा. या मुळीचा वापर आपल्या देशात पिढ्यानपिढ्या चालत आला होता. बिहारकडं तर तिला 'पागल की दवा' म्हणत. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१मध्येच लिहून ठेवलं होतं, की ही मुळी बीपी आणि वेड या दोन्हींवर चालते. पण जगाचं लक्ष वेधलं ते वकिलांच्या पेपरनं. त्यांनी ब्लड प्रेशरच्या ५० पेशंटवरचे निकाल व्यवस्थित मांडले होते. १९५७मध्ये त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रेसर्पिन नावाचं औषध वेगळं काढलं गेलं.

त्याच काळात दुसरीकडं सेरोटोनिन सापडत होतं. १९४८मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते रक्तातून वेगळं केलं. १९५३मध्ये बेटी ट्वारॉग या तरुण संशोधक बाईंनी पेज यांच्यासोबत ते मेंदूतही असल्याचं दाखवलं. तोवर ते रक्तवाहिन्या आवळणारं आणि आतड्यातलं रसायन म्हणून माहीत होतं. आजही शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं बरं का.

इथं दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या. १९५५मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डामध्ये ब्रोडी, प्लेचर आणि शोअर यांनी प्राण्यांना रेसर्पिन दिलं आणि त्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन घसरलेलं दिसलं. बीपीसाठी रेसर्पिन घेणारे काही पेशंट उदास होतात, अशाही बातम्या येत होत्या. लोकांनी दोन आणि दोन चार केले: सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं. या विचारातूनच सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या शोधल्या गेल्या आणि १९८७च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली.

मी धंद्यानं कोड लिहितो. एक बटण दाबल्यावर स्क्रीन बंद पडली, म्हणजे बिघाड त्या बटणातच आहे असं होत नाही, हे आमच्याकडं पहिल्या वर्षी शिकवतात. इथंही तसंच झालं. २०२२मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी असल्यानं डिप्रेशन येतं, याचा ठाम पुरावा त्यांना सापडला नाही. मात्र गोळीचा उपयोग होतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तापावर पॅरासिटामॉल चालतं, म्हणून पॅरासिटामॉल कमी पडल्यानं ताप येतो असं कुणी म्हणत नाही.

आता एमएसकडं वळू. १९७०च्या दशकात संशोधकांनी एमएसच्या पेशंटच्या मेंदू-मज्जारज्जूतल्या पाण्यात सेरोटोनिनचे अवशेष मोजले, आणि काही अभ्यासांत ते कमी भरले. पुढं कळलं, की प्रतिकारशक्तीच्या पेशींवरही सेरोटोनिन ओळखणारी कुलपं असतात. मग आशा वाढली. हीच गोळी मनासोबत नसाही वाचवेल का? २००८मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये ४० पेशंटवर फ्लुओक्सेटिनची छोटी चाचणी झाली. मेंदूतले नवे डाग कमी होत असावेत, अशी खूण मिळाली.

मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. 'एमएस-स्मार्ट' या चाचणीत एमएसच्या पुढच्या टप्प्यातले ४४५ पेशंट होते. फ्लुओक्सेटिनसकट तीन औषधं ९६ आठवडे तपासली. २०२०मध्ये निकाल छापून आला: मेंदूचं आक्रसणं तिन्हींपैकी एकानंही थांबवलं नाही. तेव्हा 'सेरोटोनिन वाढवा, एमएस बरा करा' असा व्हिडिओ फॉरवर्ड होऊन आला, तर हा आकडा लक्षात ठेवा.

मग या गोळ्यांचं एमएसमध्ये काम काय? मनाचं. एमएसच्या साधारण निम्म्या पेशंटना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन गाठतं. त्यात परिस्थितीचा ताण असतोच, पण मेंदूतले डाग आणि सूज यांचाही हात असतो. म्हणजे ही उदासी आजाराचाच भाग आहे, पेशंटचा कमकुवतपणा नव्हे. २००१मध्ये डेव्हिड मोर यांनी अमेरिकेत ६३ पेशंटचे गट केले. सर्ट्रालिनची गोळी आणि विचारांची दिशा बदलायला शिकवणारं समुपदेशन, या दोन्हींचा फायदा नुसत्या गप्पांच्या गटापेक्षा जास्त झाला. २००५मध्ये १२७ पेशंटच्या चाचणीत त्यांनी असं समुपदेशन चक्क फोनवरून दिलं. तेही कामी आलं.

आणि इथंच ही गोष्ट बीडला पोचते. वकिलांचा पेपर छापला तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद संस्थानातून नुकता मोकळा झाला होता. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. भारतातली एमएस सोसायटी १९८५मध्ये उभी राहिली, तीही मुंबईत. आजही आष्टी, केज किंवा धारूरच्या एखाद्या वस्तीवरून न्यूरोलॉजिस्ट गाठायचा, तर मोठ्या शहराची एसटी धरावी लागते. एमआरआयचा खर्च, रोजगार बुडणं, वर चालताना तोल गेला की "दिवसाच पिऊन आलाय" असं बोलणारे. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नको" म्हणणं सोपं असतं. त्याची झोप गेली, जेवण तुटलं, जगण्यावरचं मन उडालं, तर तेही डॉक्टरला सांगायचं असतं, हे त्याला कुणी सांगतच नाही.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर पुढच्या तपासणीला सोबत जा आणि पायांसोबत मनाचंही डॉक्टरच्या कानावर घाला. मनाची गोळी म्हणजे वेड्याची गोळी नाही. पण ती स्वतःच्या मनानं सुरू करायची नाही, आणि अचानक बंदही करायची नाही. एमएसची औषधं वेगळी असतात, तीही चालूच ठेवायची. बोलायला जवळ कुणी नसेल, तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

हा एपिसोड ज्याला कामाचा आहे त्याला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम!