टक्कल आणि टेस्टोस्टेरॉन: दोष नेमका कोणाचा?

आजचा विषय माझ्या डोक्यातलाच नाही, डोक्यावरचाही आहे. सव्विसाव्या वर्षी माझं कपाळ वर सरकायला लागलं. बाबांना टक्कल, आजोबांनाही होतं. ऑफिसातला मित्र म्हणाला, "अरे, टेस्टोस्टेरॉन जास्त आहे तुझ्यात!" ऐकायला बरं वाटलं. पण हे खरं आहे का?

हा प्रश्न जुना आहे. वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, अशी नोंद हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक सूत्रांमध्ये आहे. ॲरिस्टॉटलनंही तेच लिहून ठेवलंय. कारण कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. 'हॉर्मोन' हा शब्दच 1905 चा, आणि शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती लागलं 1935 मध्ये.

मग 1942 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टननं अशाच पुरुषांवरचा अभ्यास छापला. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस जायला लागले. बाकीच्यांचे टिकले. औषध थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस काही परत आले नाहीत. म्हणजे हॉर्मोन तर हवाच, पण सोबत वारसाही हवा.

1959 मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइखनं दाखवलं, की डोक्याच्या मागचे केस पुढे लावले तरी ते टिकतात. रक्त तेच, हॉर्मोन तेच, जागासुद्धा टकलाची. फरक होता तो केसाच्या मुळात.

पुढचा दुवा मिळाला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावात. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, तशीच वाढवली जायची, आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 मध्ये कारण सांगितलं: टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, आवाजही फुटायचा, पण दाढी विरळ आणि कपाळ मागे हटत नव्हतं.

गुन्हेगार सापडला, डीएचटी! पण गंमत बघा, हाच डीएचटी दाढी दाट करतो आणि डोक्यावरची मुळं आक्रसवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मेसेज एकच, वाचणारा कोड वेगळा. आणि तो कोड आईवडील दोघांकडून येतो.

हेच एन्झाइम अडवणारं फिनास्टेराइड अमेरिकेत 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी आणि 1997 मध्ये केसांसाठी मंजूर झालं. काहींना त्यानं लैंगिक त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मी स्वतः एका क्लिनिकमध्ये 'हॉर्मोन बॅलन्स'च्या पॅकेजवर पैसे घालवून बसलोय. हा इतिहास आधी वाचला असता तर निदान एवढं तरी विचारलं असतं: "बिघडलंय काय, की तुम्ही बॅलन्स करताय?" कारण टक्कल पडणाऱ्या बहुतेक पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन चारचौघांसारखंच असतं. मित्राचं कौतुक मात्र साभार परत.

भेटू पुढच्या भागात!